रेचकांची पारख : बद्धकोष्ठतेची औषधे नेमके काय करतात

ताप आला, खोकला झाला, गुडघा दुखतो, हे औषधाच्या दुकानात लोक मोकळेपणाने सांगतात. पोट साफ होत नाही हे मात्र हळू आवाजात सांगितले जाते आणि दुकानदार हाताशी असेल ती वस्तू पुढे करतो. कधी इसबगोल, कधी एखादे चूर्ण, कधी गोड पातळ औषध, कधी रात्री घ्यायची छोटी गोळी. या सगळ्यांना आपण एकाच नावाने ओळखतो, जुलाबाचे औषध. पण त्यांचे काम अगदी वेगवेगळे आहे. एक आतड्यात पाणी धरून ठेवते, दुसरे पाणी ओढून आणते, तिसरे आतड्याच्या स्नायूंना हलवते, चौथे मळाला वंगण लावते. औषध जालीम की सौम्य एवढेच पाहून निवड केली, तर ती बहुधा चुकते. कुठे काय अडले आहे हे आधी पाहिले, तर साधे आणि स्वस्त औषधही पुरते. रेचकांचा हा आढावा त्याच क्रमाने घेतला आहे.

मोठ्या आतड्याचे काम

दिवसभरात आपण खातो-पितो त्यातून सुमारे दोन लिटर पाणी पोटात जाते. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून आणखी सात लिटरच्या आसपास द्रव पचनमार्गात येतो. यातला बहुतेक भाग लहान आतडे परत रक्तात घेते. एक-दीड लिटर द्रव मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि सुमारे दीड मीटर लांबीचे हे आतडे त्यातलेही जवळजवळ सगळे पाणी शोषून घेते. शौचावाटे जेमतेम शे-दोनशे मिलिलिटर पाणी जाते. मळ मऊ राहणार की खडे होणार, हे या शेवटच्या हिशेबावर ठरते. मळ आतड्यात जितका रेंगाळेल, तितके त्यातले पाणी शोषले जाईल.

दुसरे काम मळ पुढे नेण्याचे. मोठे आतडे दिवसभर बारीक आकुंचनांनी मळ घुसळत असते आणि अधूनमधून एक मोठी लाट येऊन तो बराच पुढे ढकलला जातो. अशा लाटा सकाळी जाग आल्यावर आणि जेवणानंतर जास्त येतात. न्याहारीनंतर शौचाची भावना होते ती यामुळेच. शाळेच्या गाडीसाठी, लोकलसाठी किंवा स्वच्छ संडास नाही म्हणून ती भावना रोज दाबली, तर हळूहळू ती क्षीण होत जाते.

तिसरे काम बाहेर टाकण्याचे. मलाशयाभोवती पट्ट्यासारखा एक स्नायू असतो. एरवी तो मलाशय पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे एक कोन तयार होतो आणि मळ आत थांबतो. शौचाच्या वेळी पोटाने दाब द्यायचा आणि त्याच क्षणी हा स्नायू व गुदद्वाराचा स्नायू सैल सोडायचा, असा हा दुहेरी व्यवहार आहे. काही लोकांमध्ये दाब देताना हे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात. अशा माणसाने कितीही रेचके घेतली, तरी दार बंदच राहते.

बद्धकोष्ठता कशाला म्हणायचे

रोज सकाळी एकदा पोट साफ झालेच पाहिजे, ही आपल्याकडची घट्ट समजूत आहे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत सगळे निरोगी असू शकते, फक्त त्रास होता कामा नये. २०१६ साली ठरलेल्या रोम-४ या आंतरराष्ट्रीय निकषांत सहा लक्षणे दिली आहेत. खूप कुंथावे लागणे, मळ कडक किंवा गोळ्या-गोळ्यांचा असणे, पोट पूर्ण साफ न झाल्याची भावना, अडल्यासारखे वाटणे, बोटाने मदत करावी लागणे आणि आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे. यांतली किमान दोन लक्षणे गेले तीन महिने वरचेवर दिसत असतील आणि त्रासाची सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर ती जुनाट बद्धकोष्ठता. सहापैकी एकच लक्षण दिवस मोजण्याचे आहे, बाकीची पाच शौच कशी होते याबद्दलची आहेत.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील लुईस आणि हीटन यांनी १९९७ साली मळाच्या सात प्रकारांचा एक चित्रतक्ता प्रसिद्ध केला. पहिला प्रकार सुट्या कडक खड्यांचा, सातवा निव्वळ पाण्याचा, आणि तिसरा-चौथा प्रकार निरोगी. हा तक्ता आज जगभरच्या दवाखान्यांत वापरतात, कारण रुग्णाला लाजून वर्णन करण्यापेक्षा चित्रावर बोट ठेवणे सोपे जाते. मळ कोणत्या प्रकारचा आहे, यावरून तो आतड्यात किती काळ रेंगाळला याचा अंदाजही येतो.

औषध शोधण्याआधी एक गोष्ट जरूर पाहावी. बद्धकोष्ठता दुसऱ्या कशामुळे आली आहे का? लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, ॲल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधे, व्हेरापामिलसारखी रक्तदाबाची औषधे, ॲमिट्रिप्टिलीन, अफूवर्गातली वेदनाशामके आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे, या सगळ्यांनी मळ अडतो. थायरॉइडची कमतरता, जुना मधुमेह, पार्किन्सन आणि रक्तात वाढलेले कॅल्शियम हीदेखील कारणे असतात. एका गोळीने झालेला त्रास दुसऱ्या गोळीने झाकण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून पहिली बदलता येते का, ते आधी पाहावे.

जुन्या वैद्यांची वर्गवारी

रेचक म्हणजे एकच गोष्ट नव्हे, हे आपल्याकडच्या वैद्यांनी पूर्वीच ओळखले होते. शार्ङ्गधर संहितेत चार क्रिया वेगळ्या सांगितल्या आहेत आणि प्रत्येकीला एक वनस्पती उदाहरण म्हणून दिली आहे. मळ पक्व करून खाली नेणारे ते अनुलोमन, उदाहरण हिरडा. चिकटून बसलेला मळ सरकवणारे ते स्रंसन, उदाहरण बहावा. घट्ट झालेला मळ फोडणारे ते भेदन, उदाहरण कुटकी. पातळ करून बाहेर काढणारे ते रेचन, उदाहरण निशोत्तर. चरकसंहितेनेही बहावा हा मृदू रेचकांत, निशोत्तर सुखाने होणाऱ्या रेचकांत आणि निवडुंगाचा चीक तीक्ष्ण रेचकांत श्रेष्ठ मानला आहे. माणसाचा कोठा मृदू, मध्यम की क्रूर, हे पाहून मात्रा ठरवावी, असा या परंपरेचा आग्रह आहे.

या वर्गवारीला आजच्या गटांशी जसेच्या तसे जुळवता येणार नाही. दोन्ही शास्त्रांची भाषा वेगळी आहे. तरीही प्रत्येकाला एकच औषध न देण्याची त्यांची शिस्त आजही मोलाची आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबे बाळहिरडा गोळा करतात आणि त्यावर त्यांचा वर्षाचा मोठा आधार असतो. हिरडा, बेहडा आणि आवळा यांचे त्रिफळा चूर्ण कित्येक मराठी घरांत रात्री कोमट पाण्याबरोबर घेतले जाते. मात्र पोट साफ करणारे म्हणून विकले जाणारे प्रत्येक चूर्ण त्रिफळा नसते. डब्यामागची घटकांची यादी वाचली, तर बऱ्याच चूर्णांत सोनामुखी आढळते आणि त्यांचा झटपट परिणाम मुख्यतः तिचाच असतो. सोनामुखीविषयी पुढे सविस्तर येईल.

फुगणारी रेचके : इसबगोल आणि कोंडा

इसबगोल ही आतड्यासाठी भारताने जगाला दिलेली मोठी देणगी आहे. उत्तर गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशात हे पीक घेतात. उंझाचा बाजार आणि सिद्धपूरच्या गिरण्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. जगात सर्वाधिक इसबगोल भारतातच पिकते आणि त्याची भुशी परदेशी जाते. अमेरिकेत राहणारी मराठी माणसे तिथल्या दुकानातून मेटाम्युसिल नावाची पूड आणतात, तिचा मुख्य घटक हीच भुशी आहे.

ही भुशी आपल्या वजनाच्या अनेक पट पाणी धरून बुळबुळीत होते. आतड्यातले जिवाणू तिला फारसे आंबवू शकत नाहीत, त्यामुळे हे धरलेले पाणी मोठ्या आतड्याच्या शेवटापर्यंत टिकते. मळ मऊ होतो, त्याचा आकार वाढतो आणि आतड्याची भिंत ताणली जाऊन लाटेला चालना मिळते. परिणाम १२ ते ७२ तासांत दिसतो. म्हणजे आज रात्री घेऊन उद्या सकाळी काही झाले नाही, तर ते औषध वाया गेले असे समजू नये. एक-दोन चमचे भुशी पेलाभर पाण्यात, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटरमध्ये, घालून लगेच प्यावी आणि दिवसभर पाणी चांगले प्यावे. कोरडी भुशी तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणे धोक्याचे आहे, ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. इसबगोलाचा आणखी एक गुण म्हणजे ते रक्तातले घातक कोलेस्टेरॉलही थोडे कमी करते.

गव्हाचा कोंडाही मळाचा आकार वाढवतो, पण तो आतड्यात आंबतो आणि अनेकांना त्याने पोटात वारा धरतो. आहारातले तंतू वाढवायचे ते आठवड्या-दोन आठवड्यांत थोडे थोडे करून. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम तंतूंची शिफारस केली आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीची डाळ, उसळी, पालेभाज्या, पेरू, अंजीर यांतून ते मिळू शकतात. किवी आणि सुक्या आलुबुखाऱ्यांचा उपयोग अभ्यासांतही दिसला आहे.

फुगणारी औषधे सगळ्यांना चालत नाहीत. अंथरुणाला खिळलेला आणि कमी पाणी पिणारा माणूस, मलाशयात मळाचा गोळा घट्ट अडकलेला रुग्ण, आतडे कुठे अरुंद झालेला रुग्ण आणि अफूवर्गातली वेदनाशामके घेणारा रुग्ण, यांना इसबगोलाने फायद्याऐवजी त्रास होऊ शकतो. पुढे वाट बंद असताना मागून माल वाढवण्यासारखे ते होते.

पाणी ओढणारी रेचके

दुसऱ्या गटातली औषधे शोषली जात नाहीत किंवा फार थोडी शोषली जातात. ती आतड्यातच राहतात आणि आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतात. या गटातले सर्वांत भरवशाचे औषध म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजेच मॅक्रोगोल. ते पुडी किंवा पावडरीच्या रूपात मिळते. नेहमीची मात्रा १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यातून दिवसातून एकदा. जिवाणू त्याला आंबवत नाहीत, म्हणून पोट फारसे फुगत नाही. परिणामाला एक ते तीन दिवस लागतात. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी आतडे धुऊन काढण्यासाठी जे लिटरभर-दोन लिटर पाणी प्यायला देतात, त्यात बहुधा हेच औषध मोठ्या प्रमाणात असते. २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात ते लॅक्टुलोजपेक्षा सरस ठरले. अमेरिकेतील पचनसंस्थेच्या तज्ज्ञांच्या दोन मोठ्या संस्थांनी २०२३ साली एकत्र दिलेल्या मार्गदर्शनातही प्रौढांच्या जुनाट बद्धकोष्ठतेसाठी त्याची ठाम शिफारस आहे.

लॅक्टुलोज हे गोड पातळ औषध आपल्याकडे फार वापरले जाते. ती कृत्रिमरीत्या बनवलेली साखर असून लहान आतडे ती पचवू शकत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तिच्यापासून सौम्य आम्ले तयार करतात, ती पाणी ओढतात आणि मळ मऊ होतो. परिणाम एक-दोन दिवसांत येतो. आंबण्यामुळे वारा धरणे, पोट गुरगुरणे हा त्रास मात्र होतो. यकृत निकामी होत आलेल्या रुग्णाची शुद्ध हरपू लागते, तेव्हाही लॅक्टुलोज देतात, कारण ते आतड्यातला अमोनिया बाहेर टाकायला मदत करते. अशा रुग्णाला पोट साफ आहे मग हे कशाला, असे म्हणून घरच्यांनी ते बंद करू नये.

मॅग्नेशियमचे क्षारही पाणी ओढतात. चार्ल्स हेन्री फिलिप्स यांनी अमेरिकेत १८७३ साली पेटंट घेतलेले मिल्क ऑफ मॅग्नेशिया आजही चालते, आणि ते अर्ध्या तासापासून सहा तासांत काम करते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम रक्तात साचते, त्याने सुस्ती येते, रक्तदाब उतरतो, हृदयाची लय बिघडते. फॉस्फेटच्या क्षारांचा धोका याहून मोठा आहे. पोटातून घेतलेल्या सोडियम फॉस्फेटने मूत्रपिंडाला कायमची इजा झाल्याच्या घटनांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ साली कडक इशारा दिला. वृद्ध, मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे रुग्ण यांनी क्षारांची रेचके स्वतःहून घेऊच नयेत.

आतडे हलवणारी रेचके

सोनामुखी, बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट आणि एरंडेल ही या गटातली नावे. ती आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंना आणि स्नायूंना चेतवतात, तसेच पाणी आत सोडायला लावतात. तमिळनाडूच्या तिरुनेलवेली भागात पिकणारी सोनामुखी जगभर जाते. तिच्यातले सेनोसाइड जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोहोचते, तिथले जिवाणू त्याचे रूप बदलतात, आणि मग ते काम करू लागते. म्हणून रात्री घेतलेली सोनामुखी सहा ते बारा तासांनी, म्हणजे सकाळी लागू पडते. सोडियम पिकोसल्फेटलाही जिवाणूंची अशीच मदत लागते.

बिसाकोडिलच्या गोळीवर एक आवरण असते, ते जठरात न विरघळता आतड्यात विरघळावे म्हणून. ही गोळी चावून, कुटून किंवा दुधाबरोबर घेतली, तर आवरण आधीच निघते आणि पोटात मुरडा येतो. हेच औषध गुदद्वारातून दिले, तर १५ मिनिटे ते एक तासात परिणाम दिसतो.

एरंडेलाला आपल्या घरांत मान आहे. चहातून किंवा कोमट दुधातून एरंडेल घेण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते. लहान आतड्यात त्यापासून रिसिनोलिक आम्ल सुटते. हे आम्ल नेमके काय करते, याचा उलगडा २०१२ साली जर्मनीतल्या बाड नाउहाइम येथील माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केला. आतड्याच्या स्नायूंवर प्रोस्टाग्लँडिनला प्रतिसाद देणारा ईपी-३ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो, त्याला हे आम्ल चिकटते. तोच ग्राहक गर्भाशयाच्या स्नायूंवरही असतो. एरंडेलाने गर्भाशय आकुंचन पावते, हा जुना अनुभव त्यातून समजतो, आणि गरोदरपणी एरंडेल का घेऊ नये, हेही समजते. परिणाम दोन ते सहा तासांत, जोरदार आणि बऱ्याचदा मुरड्यासह येतो. कधीकाळी घरगुती इलाज म्हणून ते ठीक असले, तरी रोजच्या वापरासाठी याहून चांगली औषधे आज उपलब्ध आहेत.

वंगण, मऊपणा आणि खालून दिलेली औषधे

लिक्विड पॅराफिन मळावर तेलकट थर देते. मिल्क ऑफ मॅग्नेशियाबरोबरचे त्याचे मिश्रण भारतात खूप खपते. मूळव्याध किंवा गुदद्वाराला चीर असताना थोडे दिवस ते उपयोगी पडते. पण ते गिळताना श्वासनलिकेत गेले, तर फुप्फुसात तेलामुळे न्यूमोनिया होतो. लहान बाळे, गिळायला त्रास होणारे वृद्ध आणि पक्षाघाताचे रुग्ण यांना ते देऊ नये, आणि कुणीही ते घेऊन लगेच आडवे होऊ नये. दीर्घकाळ घेतल्यास अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत. मळ मऊ करणारे म्हणून डॉक्युसेट लिहून दिले जाते, पण त्याच्या उपयोगाचा पुरावा कमकुवत आहे.

मळ मलाशयातच येऊन अडला असेल, तर वरून दिलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तिथे ग्लिसरीनची किंवा बिसाकोडिलची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून ठेवायची वडी, किंवा तयार एनिमा कामी येतो. साबणाच्या पाण्याचा घरगुती एनिमा मात्र टाळावा, त्याने आतड्याचा आतला थर भाजल्यासारखा लाल होतो.

नवी औषधे

गेल्या दोन दशकांत आतड्याच्या पेशींना थेट संदेश देणारी औषधे आली. २००६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ल्युबिप्रोस्टोन आतड्याच्या पेशींतून क्लोराइड बाहेर सोडायला लावते आणि त्यामागे पाणी येते. २०१२ साली आलेले लिनाक्लोटाइड वेगळ्या वाटेने तेच साधते. जुलाब घडवणाऱ्या ई. कोलाय जिवाणूचे एक विष आतड्यातल्या ज्या ग्राहकाला चिकटते, त्यालाच ते चिकटते. रोगाची यंत्रणा ओळखून तिचाच उपयोग उपचारासाठी केल्याचे हे सुंदर उदाहरण आहे. प्रुकॅलोप्राइड सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहकाला चालना देऊन आतड्याच्या लाटा वाढवते. युरोपात ते २००९ साली आणि अमेरिकेत २०१८ साली आले. याच कुळातले जुने सिसाप्राइड हृदयाची लय बिघडवत असल्याने मागे पडले होते, प्रुकॅलोप्राइड अधिक नेमके असल्याने तो धोका त्यात दिसलेला नाही.

कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन घेणाऱ्यांची बद्धकोष्ठता हा वेगळा विषय आहे. मॉर्फिनची सवय मेंदूला होते तशी आतड्याला होत नाही, म्हणून मॉर्फिन सुरू करतानाच सोनामुखी, बिसाकोडिल किंवा मॅक्रोगोल सुरू करायचे असते. त्यानेही भागले नाही, तर मिथाइलनाल्ट्रेक्सोन, नॅलोक्सेगॉल अशी औषधे आहेत. ती आतड्यातला मॉर्फिनचा परिणाम रोखतात, मेंदूतला रोखत नाहीत, त्यामुळे वेदनाशमन टिकून राहते. मरणासन्न माणसाच्या अखेरच्या महिन्यांत पोट अडण्याची यातना वेदनेइतकीच मोठी असते. ती टाळता येते, आणि टाळलीच पाहिजे.

सवय लागते का?

रेचकांबद्दल लोकांच्या मनात दोन टोकाच्या भावना असतात. काही जण रोज पोट धुऊन निघाल्याशिवाय स्वस्थ बसत नाहीत, तर काही जण आतडे कायमचे आळशी होईल या भीतीने महिनोन्महिने कुंथत राहतात.

पहिल्या भावनेमागे मळातले विष रक्तात भिनते ही जुनी कल्पना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे नामवंत शल्यचिकित्सक आर्बथनॉट लेन यांनी या कल्पनेपायी बद्धकोष्ठतेच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढली. पोट अडल्यावर येणारी मरगळ आणि डोकेदुखी विषामुळे नसून मलाशय ताणले गेल्यामुळे येते, असे अमेरिकेचे वॉल्टर अल्वारेझ यांनी १९१९ साली मांडले. मळ बाहेर पडताच काही मिनिटांत हलके वाटते, विष असते तर ते इतक्या लवकर उतरले नसते. डिटॉक्सच्या नावाखाली आज तीच जुनी कल्पना नव्या वेष्टनात विकली जाते. वजन उतरवण्यासाठी रेचके घेणेही असेच व्यर्थ आहे. अन्नातली ऊर्जा लहान आतड्यात आधीच शोषली गेलेली असते, जुलाबातून जाते ते पाणी आणि क्षार.

दुसऱ्या भावनेत थोडे तथ्य आणि बरीच अतिशयोक्ती आहे. सोनामुखी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या आतड्याचा आतला थर काळपट होतो, पण तो निरुपद्रवी असतो आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांत निवळतो. योग्य मात्रेत घेतलेल्या चेतक रेचकांनी आतड्याचे मज्जातंतू मरतात, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. खरी हानी अतिमात्रेची आहे. सततच्या जुलाबांनी शरीरातले पोटॅशियम घटते, स्नायू अशक्त होतात, आणि लघवीच्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्याच्या हृदयाला त्याने धोका पोहोचतो.

सवय लागल्याचा भास होतो, त्याचे कारण अनेकदा वेगळेच असते. जोरदार औषधाने मोठे आतडे पूर्ण रिकामे होते. ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणारच, तोवर शौचाची भावना होत नाही. माणूस घाबरून पुन्हा तेच औषध घेतो, पुन्हा आतडे रिकामे, पुन्हा वाट पाहणे. हे चक्र तोडायचे, तर एका रात्रीत सगळे काढून टाकण्याचा हट्ट सोडून रोज थोडी मात्रा घेऊन मऊ मळाची लय बसवणे हाच मार्ग आहे.

बाळे, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध

तान्ह्या बाळाला एरंडेल चाटवण्याची रीत काही घरांत अजून आहे. ती बंद व्हायला हवी. फक्त अंगावर पिणारे बाळ कधीकधी बरेच दिवस शी करत नाही, आणि शी मऊ असेल, बाळ खेळत-पीत असेल, तर ती बद्धकोष्ठता नव्हे. जन्मानंतर पहिल्या ४८ तासांत काळी शी झाली नाही, किंवा पोट फुगून हिरवी उलटी झाली, तर मात्र तातडीने दवाखाना गाठावा. दोन-तीन वर्षांचे मूल एकदा दुखले म्हणून शी दाबून धरते, दाबल्याने ती आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखते. त्याला रागावू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने मॅक्रोगोल पुरेशा मात्रेत आणि काही महिने दिले, तर त्याची भीती जाते. आईबापांनी औषध लवकर थांबवल्यानेच त्रास बहुधा परत येतो.

गरोदरपणी संप्रेरके आतड्याची गती मंदावतात, त्यात लोहाच्या गोळ्यांची भर पडते. तंतू, पाणी, इसबगोल, आणि गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोज किंवा मॅक्रोगोल, हा क्रम सुरक्षित आहे.

वृद्धांच्या बाबतीत एक फसवी गोष्ट घराघरांत माहीत असायला हवी. मलाशयात घट्ट गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो. घरच्यांना वाटते जुलाब होताहेत, आणि ते जुलाब थांबवण्याचे औषध देतात. त्याने गोळा आणखी घट्ट होतो. अंथरुणावरच्या माणसाला आधी बरेच दिवस शौचास झाले नव्हते आणि मग असे सतत कपडे खराब होऊ लागले, तर डॉक्टरांकडून मलाशय तपासून घ्यावे.

निवड कशी करावी

सुरुवात इसबगोलाने किंवा आहारातल्या तंतूंनी करावी. दोन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर मॅक्रोगोल, ते न परवडल्यास किंवा न मिळाल्यास लॅक्टुलोज. बिसाकोडिल किंवा पिकोसल्फेट अडलेल्या दिवसासाठी किंवा थोड्या आठवड्यांसाठी हाताशी ठेवावे. इतक्यानेही भागत नसेल, तर मळ मलाशयापर्यंत येऊन अडतो का, याची तपासणी करावी. ज्यांचे स्नायू सैल होत नाहीत, त्यांना बायोफीडबॅक नावाचे प्रशिक्षण रेचकांपेक्षा जास्त उपयोगी पडते. कमोडवर बसताना पायांखाली छोटे स्टूल घेतले, तर उकिडवे बसल्यासारखा कोन मिळतो आणि मलाशय सरळ होते. न्याहारीनंतरची दहा मिनिटे घाई न करता, मोबाइल बाहेर ठेवून, स्वतःसाठी राखावीत.

काही वेळा मात्र कोणतेही रेचक घेऊ नये. पोट फुगले आहे, उलट्या होताहेत, वाराही सरत नाही, किंवा पोटात तीव्र कळा आहेत, तर आतडे अडकलेले असू शकते, आणि रेचकाने ते फुटण्याचा धोका असतो. शौचावाटे रक्त जाणे, वजन उतरणे, रक्त कमी होणे, चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग असणे, यांपैकी काहीही असेल तर चूर्णाने वेळ काढू नये, तपासणी करून घ्यावी.

रेचक लागू पडले की नाही, हे किती वेळा जुलाब झाले यावरून मोजू नये. न कुंथता, न दुखता, मऊ मळ नियमाने होतो का आणि नंतर हलके वाटते का, हीच त्याची कसोटी. त्यासाठी एखाद्याला वर्षभर रोज मॅक्रोगोलची अर्धी पुडी लागली, तरी त्यात लाजण्यासारखे काही नाही, जसे रक्तदाबाच्या गोळीत नाही. ज्या औषधाचे काम आपल्याला समजले आहे आणि ज्याची मात्रा आपल्या आतड्याला बेतलेली आहे, ते निर्धास्तपणे घ्यावे. काय करते ते माहीत नसलेले औषध, केवळ जालीम म्हणून, कधीही घेऊ नये.